चूकभुलीचे दोन सजदे

बिल्किस मुलाणी सव्वीस वर्षं नर्सबाई होती, आणि त्यातली अठरा एकाच उपकेंद्रात. सकाळी लोणावळ्याहून लोकल धरायची, कान्ह्याला उतरायचं, तिथून जीपनं अर्धा तास आत. वाडीचं नाव इथं सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना ही गोष्ट पुरती ठाऊक आहे.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा व्हरांडा. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे दिवस बिल्किस आणि रेणुका नावाची आशाताई. वाडीतली निम्मी पोरं बिल्किसच्या हातावर जन्मली होती. लोक तिला मुलाणीबाई म्हणत. तिची सुई दुखत नाही असं बायका एकमेकींना सांगत, आणि पलीकडच्या दोन गावांतूनही पोरं तिच्याकडंच टोचायला आणत.

येसूबाईचं घर उपकेंद्राच्या मागच्या अंगाला, बौद्धवाडीत. नवरा कधीच वारला होता. दीड एकर भाताची जमीन ती स्वतः कसायची. मुलगा प्रदीप तळेगावला कंपनीत होता, सून सारिका, आणि तीन वर्षांची नात चैताली. चैतालीच्या वेळी ओढ्याला पाणी येऊन रस्ता बंद झाला होता, तेव्हा बिल्किसनं दोन दिवस वाडीतच मुक्काम करून सारिकाला मोकळं केलं होतं. तेव्हापासून नवा तांदूळ निघाला की येसूबाई पहिली पायली तिच्याकडं आणून ठेवायची. पैसे घ्यायची नाही. बायकांच्या मैत्रीला नसतं तसं या मैत्रीलाही काही नाव नव्हतं, पण ती होती.

तो भाद्रपदातला सोमवार होता. भात पोटरीला आलं होतं. साडेनवाच्या सुमारास येसूबाई सुनेला दंडाला धरून घेऊन आली. पहाटे पोटात कळ उठली, दोनदा ओकली, आता घसा दुखतोय म्हणते, एवढं तिनं सांगितलं. बिल्किसनं सारिकाला बाकावर आडवं केलं. ताप नव्हता. रक्तदाब ठीक होता. पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. काल काय खाल्लं विचारलं, तर सुकटाची चटणी आणि भाकरी. पाळीचं विचारलं. रात्री काही चावलंबिवलं का, हेही विचारलं. पुढं चौकशीच्या कागदात हा प्रश्न तिच्या बाजूनं लिहिला गेला. सारिका नाही म्हणाली. हातापायाला कुठं सूज नव्हती, खूण नव्हती.

मग सारिका म्हणाली, "बाई, डोळं लय जड झाल्यात."

"रात्रभर झोप नाही ना तुला," बिल्किस म्हणाली. "ही गोळी घे, साखर-मिठाचं पाणी पी, आणि थोडी झोप. दुपारपर्यंत उतार पडला नाही तर मला हाक मारा."

ती त्या दिवशी घाईत नव्हती. थकलेली नव्हती, कुणावर चिडलेली नव्हती. हे ती नंतर स्वतःच सांगायची. घाईत असते तर निदान एक कारण तरी मिळालं असतं, म्हणायची.

येसूबाईनं सुनेला घरी नेलं. गोधडी अंथरली, दार लोटून घेतलं. आईची झोप मोडू नये म्हणून नातीला शेजारी पाठवलं. साडेअकराला पेज घेऊन ती उठवायला गेली, तेव्हा सारिकाच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या आणि तोंडाच्या कडेनं लाळ ओघळत होती. ती झोपलेली नव्हती. तिला सगळं ऐकू येत होतं. फक्त जीभ हलत नव्हती आणि मान उचलत नव्हती.

बिल्किस धावत आली आणि दारातच तिला कळलं. उंबऱ्यावर उभ्या उभ्या सकाळचं ते एक वाक्य तिच्या कानात पुन्हा वाजलं. जीप मिळेपर्यंत पाव तास गेला. मागच्या सीटवर सारिकाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. कान्ह्याच्या अलीकडं श्वास थांबला. बिल्किस तोंडानं श्वास देत राहिली, दवाखान्याच्या दारापर्यंत, आणि डॉक्टरांनी खांद्याला धरून बाजूला केलं तेव्हा थांबली.

डाव्या कोपराच्या मागं, मुंगी चावावी तसे दोन ठिपके डॉक्टरांना सापडले. संध्याकाळी प्रदीपनं घरातली कणगी सरकवली, तर मागं हातभर मण्यार निघाली.

मण्यार चावते तेव्हा फारसं दुखत नाही. खूण दिसत नाही, सूज येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावून ती निघून जाते. सकाळी पोट दुखतं, मग घसा धरतो, मग पापण्या जड होतात, आणि शेवटी छाती श्वास घ्यायचं विसरते. वेळेवर विषावरचं इंजेक्शन आणि श्वासाचं यंत्र मिळालं तर माणूस वाचतो. बिल्किसला हे माहीत नव्हतं असं नाही. नऊ वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणाची वही तिनं कपाटातून शोधून काढली. 'पापण्या जड होणे' हे शब्द तिच्याच अक्षरात लिहिलेले होते.

तिसऱ्या दिवशी ती येसूबाईकडं गेली. घरात माणसं होती. प्रदीप भिंतीला टेकून बसला होता, त्यानं मान वर केली नाही. येसूबाई रडत नव्हती. तिनं बिल्किसकडं पाहिलं आणि सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, म्हणाली, "तुमी म्हनला झोपू द्या. म्हनून म्या तिला झोपावलं."

एवढंच. कुणी तिला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि निघून आली.

चौकशी झाली. तालुक्याहून दोन डॉक्टर आले, कागद तपासले, रेणुकाला विचारलं. अशी केस मोठ्या दवाखान्यातसुद्धा निसटते, नर्सनं तिच्या अधिकारात होते ते उपचार केले, दोष दिसत नाही, असं त्यांनी लिहिलं. जाताना त्यातल्या थोरल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. माणूस भला होता. लेखी असो की तोंडी, 'चूक' हा शब्द कुठंही वापरू नका, असं त्यांनी काळजीनं सांगितलं. बिल्किसनं मान हलवली आणि दाखवली तिथं सही केली.

घरी तिचा नवरा दिलावर होता. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून नोकरी करून तो निवृत्त झाला होता. एकुलती मुलगी लग्न होऊन साताऱ्याला गेलेली. दिलावर कमी बोलायचा. कागद वाचून तो म्हणाला की झालं, सुटलीस. तिनं कागद न बघताच घडी घालून ठेवला, तेव्हा त्याला कळलं की सुटलेली नाही.

बिल्किस आजवर नमाजेला फार काटेकोर नव्हती. पहाटेची फजर आणि सूर्य मावळल्यावरची मगरिब सहसा चुकायची नाही, बाकीच्या कामात राहून जायच्या, आणि रमजानमध्ये सगळ्या. आता ती पाचही वेळ पढायला लागली. उपकेंद्रात दुपारची जोहरची नमाज औषधांच्या खोलीत, जानमाज अंथरून. तोबा करायची, गुन्हा कबूल करून माफी मागायची, असं तिनं ठरवलं होतं. पण दुआला हात उचलले की शब्द अडायचे. तोबा गुन्ह्याची असते. गुन्हा केला तर तो कळून केलेला असतो, परत करणार नाही असं म्हणता येतं. तिनं कळून काय केलं होतं? एका दमलेल्या बाईला झोप म्हणून सांगितलं होतं. परत सांगणार नाही असं काय म्हणायचं? मग ती सरळ म्हणायची, मी तिला मारलं, मला माफ कर. आणि म्हटल्याबरोबर तिला वाटायचं की हे खरं नाही, आणि खरं नसलेलं बोलून माफी मागतेय.

मग नमाजच बिघडायला लागली. चार रकातींची नमाज, म्हणजे उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकून दोन सजदे, असं चार वेळा. तिसऱ्या रकातीला उभी राहिली की जीपची मागची सीट दिसायची. भानावर यायची तेव्हा ही तिसरी की चौथी ते आठवायचं नाही. ती नमाज तोडायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. पुन्हा चुकायची. पुन्हा तोडायची. दुपार कलल्यावरची असराची नमाज मगरिबच्या अजानपर्यंत चालायला लागली. गुडघे सुजले. एकदा दिलावरनं मोजलं, तिनं त्या दुपारी सात वेळा नियत बांधून नमाज नव्यानं सुरू केली होती. त्यानं चहा करून शेजारी ठेवला, तो तसाच गार झाला.

तिच्या सांगण्यावरून दिलावर मशिदीतल्या मौलानांकडं गेला. चुकून कुणाचा जीव गेला तर लागोपाठ साठ रोजे सांगितलेत, ते माझ्यावर येतात का, एवढं तिला विचारायचं होतं. मौलानांनी सगळं ऐकून घेतलं. तुमच्या बीबीनं जीव घेतलेला नाही, साप चावला, त्यांना ओळखता आलं नाही. त्यांच्यावर ते रोजे येत नाहीत, म्हणाले.

दिलावर आनंदानं घरी आला. बिल्किस ते ऐकून स्वयंपाकघरात जाऊन बसली. साठ रोजे मिळतील अशी तिला आशा होती. सरकारनं शिक्षा दिली नाही, मौलानांनी दिली नाही. येसूबाईनं शिवी दिली असती तरी चाललं असतं. सगळ्यांनी तिला ते ओझं तसंच हातात देऊन परत पाठवलं होतं.

दिवाळीच्या सुमाराला तिनं नमाज सोडली. ठरवून नाही. एक दिवस नमाजेआधीचा वझू करायला, हातपाय धुवायला नळाशी गेली, हात ओले केले आणि नळ बंद करून परत आली. अशा बाईची नमाज कबूल होत नसणार, म्हणूनच ती पुरी होत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. दिलावरला जानमाज घडी घालून ठेवलेली दिसायची.

कामावर ती जात होती. पण आता पोट दुखतं म्हणून कुणी आलं की ती बॅटरी घेऊन डोळ्यांत बघायची, पापण्या उचलून धरायला लावायची, एक ते वीस मोजायला लावायची आणि रुग्णवाहिका बोलवायची. तीन महिन्यांत अकरा माणसं तिनं मोठ्या दवाखान्यात पाठवली. अकराच्या अकरा जणांना पित्त नाहीतर जंत निघाले. तिथल्या डॉक्टरांनी फोन करून सांगितलं की सिस्टर, पुरे करा. वाडीतले लोकही तिच्याकडं यायला कचरायला लागले, कारण साधी गोळी मागायला गेलं तरी दिवस दवाखान्यात जायचा. येसूबाई तर रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी कामशेतला जायची, जीपचं भाडं घालून.

जानेवारीत दिलावरनं तिला तळेगावला पाठवलं. घोरावाडी स्टेशनजवळ तिची राबियाखाला राहायची, तिच्या आईची धाकटी बहीण. वय ऐंशीच्या पुढं. मधुमेहानं पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि पट्टी बदलायला कुणी चांगलं माणूस हवं होतं. खालानं उभं आयुष्य मोहल्ल्यातल्या पोरींना कुराण शिकवलं होतं. बिल्किसही तिच्याच हाताखाली शिकली होती. हिशोबी आणि कडक बाई, लाड करणं तिला यायचं नाही.

बिल्किसनं पट्टी सोडली, जखम धुतली. औषधाच्या बाटलीवरचं नाव तिनं तीन वेळा वाचलं. खाला बघत होती. असराची अजान झाली तशी खाला खुर्ची ओढून पश्चिमेला तोंड करून बसली. तिला आता सजदा जमिनीवर करता येत नव्हता, बसून मान झुकवायची. बिल्किसला तिनं पढणार का म्हणून विचारलं. बिल्किस म्हणाली नंतर. खालानं एकदा रोखून पाहिलं आणि नियत बांधली.

बिल्किस पलंगाच्या कडेला बसून होती. मधेच तिच्या लक्षात आलं की खाला थबकली आहे. ओठ हलत नव्हते. पाचसहा क्षण गेले. मग खाला पुढं पढायला लागली. एक रकात केली, शेवटचं बसणं झालं, उजवीकडं मान वळवून एक सलाम फेरला आणि थांबून आणखी दोन सजदे केले, मान जेवढी खाली जाईल तेवढी घालून. मग परत बसून सगळं पुरं केलं आणि दोन्हीकडं सलाम फेरला.

"खाला, काय झालं होतं?"

"तीन झाल्या की चार, आठवेना. हल्ली रोज होतं. मग कमी धरली, एक जास्त पढली आणि सहूचे सजदे केले. विसरलीस का, मी शिकवलं होतं तुला."

बिल्किस विसरली नव्हती. तिला ते माहीत होतं, जसं पापण्यांचं माहीत होतं. आणि हे तिच्या मनात आलं तशी ती रडायला लागली. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच रडत होती. रडत रडत तिनं सगळं सांगितलं, सारिकाचं, झोपायला सांगितल्याचं, सात सात वेळा नियत बांधल्याचं, आणि नमाज सोडल्याचंही. खालानं तिला जवळ घेतलं नाही. पाणी दिलं.

मग खाला म्हणाली की हे दोन सजदे भुलीसाठीच आहेत. कुणी जाणूनबुजून काही सोडलं तर ते या सजद्यांनी भरून निघत नाही, त्याला वेगळा रस्ता आहे. पण भुललेल्या माणसानं नमाज तोडायची नाही.

"सारखी तोडून नव्यानं बांधतेस, म्हणजे तुला बिनचुकीची पाहिजे. तशी तुझ्या हातून होणार नाही. माझ्याही होत नाही. चुकीसकट पुरी करायची आणि वरून दोन सजदे घालायचे."

"ही चूक आणि ती चूक एक आहे का, खाला? नमाजेत चुकलं तर कुणी मरत नाही."

खालानं पट्टीचा पाय आवरून घेतला. "नाही," ती म्हणाली. "एक नाही. ती पोर परत यायची नाही, आणि तिच्या सासूला तू काही देऊ शकत नाहीस. पण तू अल्लाहला सांगतेस मी मारलं. त्याला सगळं दिसतं, आणि तू त्याच्याशी खोटं बोलतेस. झालं ते नाव घेऊन सांग. चुकले म्हण."

बिल्किसनं तिथं नमाज पढली नाही. तिची हिंमत झाली नाही. संध्याकाळच्या लोकलनं ती घरी आली. दिलावर मशिदीत गेला होता. तिनं वझू केला आणि मगरिबला उभी राहिली. तीन रकाती. दुसऱ्या रकातीत जीपची सीट दिसली, नेहमी यायची तशीच, आणि नंतर तिला आठवेना की ही दुसरी होती की तिसरी. नमाज तोडायला बांधलेला हात सुटू लागला. तिनं तो धरून ठेवला. कमी धरली, एक जास्त पढली, बसली, उजवीकडं सलाम फेरला, दोन सजदे केले. दुसऱ्या सजद्यात कपाळ टेकलेलं असताना ती मोठ्यानं म्हणाली, चुकले. आणि मग नाव घेतलं, सारिकाचं.

विसर पडला किंवा चूक झाली तर त्यासाठी धरू नकोस, अशा अर्थाची एक दुआ खालानं सगळ्या पोरींकडून पाठ करून घेतली होती. बिल्किस ती लहानपणापासून म्हणत आली होती, बसमध्ये म्हणायची, परीक्षेला जाताना म्हणायची. सारिका गेल्यापासून ती तिच्या तोंडात आली नव्हती. त्या संध्याकाळी ती म्हटली. फार हलकं वाटलं असं नाही. छातीवरचा दगड होता तिथंच होता. फक्त नमाज पुरी झाली होती, आणि ती उठून कुकरला भात लावायला गेली.

त्यानंतर ती पढत राहिली. बहुतेक वेळा चुकायचीच. महिन्यात कितीतरी वेळा सहूचे सजदे व्हायचे. कधी कधी नमाज सलग पार पडायची, आणि मग तिलाच दचकायला व्हायचं की आज सारिका आली कशी नाही. 'मी मारलं' हे ती आता म्हणत नसे. मनात मात्र ते अधूनमधून यायचं, विशेषतः सकाळी जीपमधून उतरताना. आलं की ती थांबायची आणि स्वतःला दुरुस्त करायची, मुलाचा पाढा चुकला की करतात तसं. चुकले. मारलं नाही, चुकले. हे दिवसातून दहादा करावं लागायचं. पोट दुखतं म्हणून आलेल्याला आता ती नीट तपासायची, संशय असेल तरच पाठवायची, आणि पाठवलं नाही की दुपारी स्वतः त्याच्या घरी जाऊन बघून यायची.

पुढच्या भाद्रपदात सारिकाला वर्ष झालं. येसूबाईच्या घरी सकाळी वंदना झाली, जेवणं झाली. बिल्किसला बोलावणं नव्हतं. पाहुणे गेल्यावर दुपारी चारच्या पुढं ती गेली. हातात काही नेलं नाही. काय न्यायचं हेच कळलं नाही. येसूबाई ओट्यावर भांडी पालथी घालत होती. भिंतीवर सारिकाचा फोटो, त्याला पांढऱ्या फुलांचा हार. चैताली आतल्या दारात बसून खीर खात होती. ती बिल्किसला ओळखत नव्हती.

"मावशी," बिल्किस म्हणाली, "मला साहेबांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून वर्षभर बोलले नाही. त्या दिवशी माझी चूक झाली. ती डोळे जड झाले म्हणाली तेव्हा मला कळायला पाहिजे होतं. मला शिकवलेलं होतं. मला नाही कळलं."

आतून प्रदीप बाहेर आला. आता येऊन काय उपयोग, असं काहीतरी तो म्हणाला आणि पुढं बोलणार होता, पण येसूबाईनं हातानंच त्याला थांबवलं. तिनं पदराला हात पुसले.

"म्या रोज त्योच इचार करते," ती म्हणाली. "दार लोटलं नसतं तर. मधी येकदा डोकावले आसते तर. तिला बोलता येत व्हतं तवर तिनं हाक मारली आसंल, आन म्या चुलीपाशी व्हते."

बिल्किसला वर्षभरात हे एकदाही सुचलं नव्हतं. येसूबाईसुद्धा स्वतःलाच दोष देत होती. तुमची काही चूक नव्हती मावशी, असं ती म्हणायला लागली, आणि म्हणता म्हणता थांबली. हे वाक्य किती पोकळ लागतं ते तिला माहीत होतं.

"तुमच्या देवानं तुमाला माफ केलं आसंल," येसूबाई म्हणाली. "केलं आसलं तर बरं हाय. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, बाई. म्या लय करून बघितलं. तुमी वाईट न्हाई, ह्ये मला ठावं हाय. पर न्हाई व्हत."

"बरं," बिल्किस म्हणाली.

ती स्टेशनकडं निघाली तेव्हा जीप मिळाली नाही, म्हणून चालत राहिली. दोन्ही बाजूंना भात उभं होतं. असराची वेळ निघून चालली होती. ओढ्याच्या पुलाशी तिनं वझू केला, डोक्यावरून पदर घेतला, पिशवीतली ओढणी अंथरली आणि रस्त्याच्या कडेला नमाज पढली. रस्त्यावरून जाणारा दूधगाडीवाला ओळखीचा होता, तो गाडी थांबवून लांब उभा राहिला. नमाज झाल्यावर तिनं आधी येसूबाईसाठी मागितलं, तिची ती दाराची आठवण सैल पडू दे म्हणून. मग स्वतःसाठी. सारिकासाठी काय मागावं हे तिला अजूनही कळत नव्हतं. मग दुधाच्या गाडीवर बसून ती कान्ह्याला आली.

हिवाळ्यात प्रदीप पोरीला घेऊन तळेगावला खोली करून राहायला गेला. पुढं त्यानं दुसरं लग्न केल्याचं रेणुकाकडून कळलं. येसूबाई एकटीच वाडीत राहिली. जमीन तिनं अर्धेलीनं कसायला दिली. गुडघे गेले, कामशेतला जाणं जमेना. मग एका महिन्यात ती उपकेंद्राच्या व्हरांड्यात येऊन रांगेत बसली.

बिल्किसनं तिच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, काट्याकडं पाहिलं. वरचा एकशे साठ होता. तिनं तो आकडा सांगितला, महिन्याच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी करा म्हणाली. येसूबाईनं मान हलवली, गोळ्या पिशवीत टाकल्या आणि काठी टेकत निघून गेली.

तेव्हापासून ती दर महिन्याला येते. बाकावर बसते, हात पुढं करते. बोलत नाही.